गिरमिटाचा हिशेब मागणारे नामदार गोखले



गणेशोत्सव म्हटला की आपल्याला लोकमान्य टिळक आठवतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या स्मरणिकेत त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. पण त्याच पुण्यात, त्याच काळात आणखी एक मोठा मराठी माणूस होऊन गेला. मॉरिशसमध्ये राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी त्याला विसरू नये असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. म्हणून या वर्षी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे ठरवले.

‘नामदार’ हा शब्द आजच्या मुलांना कदाचित माहीत नसेल. इंग्रजांच्या काळात कायदेमंडळाच्या सभासदाला मराठीत नामदार म्हणत. असे नामदार पुष्कळ झाले, पण महाराष्ट्रात नुसते ‘नामदार’ म्हटले की गोखलेच डोळ्यांसमोर येत. त्यांच्या हाती सत्ता कधीच नव्हती. ज्या सभागृहात सरकारचे बहुमत आधीच ठरलेले असे, तिथे ते वर्षानुवर्षे सरकारच्या समोर उभे राहून बोलले. मतदानात बहुतेक वेळा हरले. तरीही त्यांच्या बोलण्याने मिठावरचा कर उतरला, आणि ज्या गिरमिटावर आपले पूर्वज या बेटावर आले, ती पद्धत मोडण्याची सुरुवात झाली. हे कसे घडले तेच मला सांगायचे आहे.

बालपण आणि शिक्षण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या कोतळूक या गावी झाला. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या मातीतून निघाले, त्याच मातीतला हा माणूस. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत. घरी दिव्याच्या तेलाचीही काटकसर करावी लागे. पै-पैचा हिशेब ठेवायची सवय गोपाळला तिथेच लागली असावी.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वय अवघे अठरा. चांगली सरकारी नोकरी मिळू शकली असती, पण ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिक्षक झाले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे शिकवायला लागेल ते त्यांनी शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक शाळांतून चालत असे. मी स्वतः जन्मभर मुलांना शिकवले असल्यामुळे मला या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. पुढे व्हाइसरॉयसमोर अंदाजपत्रकाची चिरफाड करणारा माणूस आधी वर्गात फळ्यावर त्रैराशिक शिकवत होता!

पुण्यात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे गुरू लाभले. रानडे त्यांना सरकारी अहवाल वाचायला लावत, त्यावर टिपणे लिहून घेत आणि एकही आकडा चुकलेला खपवून घेत नसत. रानड्यांचे सहकारी गणेश व्यंकटेश जोशी हेही शिक्षकच होते. सरकारी आकडेवारीवर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गोखल्यांच्या पुढच्या अनेक भाषणांमागे जोशींची मेहनत आहे.

लंडनची साक्ष आणि एक कटू प्रसंग

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये वेल्बी कमिशन नेमले होते. दादाभाई नवरोजी या कमिशनचे सभासद होते. १८९७ साली त्याच्यापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले. वय तीस-एकतीस. कमिशनच्या सभासदांनी उलटतपासणी घेतली, पण आकडे तोंडपाठ असलेल्या या तरुण प्राध्यापकाला ते अडवू शकले नाहीत.

त्याच मुक्कामात एक कटू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरे तपासायला गोरे सोल्जर लावले होते. त्यांच्या अत्याचारांची पत्रे गोखल्यांना आली आणि त्यांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पुढे येऊन साक्ष द्यायला कोणी तयार होईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची फार निंदा झाली. काहींनी त्यांना भित्रा म्हटले. मला मात्र वाटते की पुढचे गोखले या प्रसंगातून घडले. त्यानंतर ते सभागृहात जे बोलले, ते कागदाच्या आणि आकड्याच्या आधाराशिवाय बोलले नाहीत.

अंदाजपत्रकावरची भाषणे

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले आणि १९०१ च्या अखेरीस मध्यवर्ती कायदेमंडळावर गेले. ती जागा आधी सर फिरोजशहा मेहतांची होती.

हे कायदेमंडळ आजच्या पार्लमेंटसारखे नव्हते. व्हाइसरॉय स्वतः अध्यक्ष असत. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे असे. अंदाजपत्रकावर सभासदांनी वर्षातून एकदा बोलायचे. मतदान नाही, एखादी रक्कम कमी करण्याचा अधिकार नाही. प्रश्न विचारता येई, पण त्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. अशा ठिकाणी बोलून काय उपयोग, असे कोणालाही वाटेल.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. सरकारची तिजोरी वर्षामागून वर्ष शिलकीत होती आणि ही देशाच्या भरभराटीची खूण आहे असे सरकारचे म्हणणे होते. पण देशात दुष्काळ आणि प्लेग थैमान घालत होते. मग ही शिल्लक आली कुठून?

गोखल्यांनी ते शिक्षकासारखे उलगडून दाखवले. हिंदुस्थान सरकारला दर वर्षी लंडनला पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सपर्यंत उतरला होता. एका पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे एका पौंडासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये मोजावे लागत. तो खड्डा भरायला सरकारने लोकांवर कर बसवले. टांकसाळी बंद केल्यामुळे पुढे रुपयाचा भाव १६ पेन्सवर गेला. आता तोच पौंड पंधरा रुपयांत मिळू लागला. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले, पण कर मात्र जुनेच राहिले. शिल्लक होती ती याची. लोक श्रीमंत झाले म्हणून तिजोरी भरली नव्हती, गरज संपली तरी कर चालू ठेवले म्हणून भरली होती.

त्यांनी मागणी केली ती मुख्यतः मिठाच्या कराची. १८८८ साली हा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. मीठ गरिबाला श्रीमंताइतकेच लागते. गोखले दर वर्षी उठत आणि तोच मुद्दा नव्या आकड्यांनी मांडत. १९०३ साली कर दोन रुपये झाला, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया. प्राप्तिकर पाचशे रुपयांच्या उत्पन्नापासून लागत असे, ती मर्यादा १९०३ साली हजार रुपये झाली. मतदानाचा अधिकारच नसलेल्या सभागृहात हे घडले. लॉर्ड कर्झन हे काही कोणाचे ऐकून घेणारे गृहस्थ नव्हते, पण तेही गोखल्यांना मानत.

सगळीकडेच यश आले असे नाही. सरकारी गुप्ततेचा कायदा, १९०४ चा विद्यापीठांचा कायदा, यांना गोखल्यांनी कलमागून कलम विरोध केला, दुरुस्त्या सुचवल्या, आणि ते हरले. १९१० साली वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा आला तेव्हा मात्र त्यांनी सरळ विरोध केला नाही. ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही खटकली. टिळकांचे अनुयायी त्यांना नेमस्त म्हणून हिणवत. या दोन थोर पुरुषांचे मार्ग वेगळे होते, आणि आजही घराघरांत त्यावर वाद होतात. मी त्या वादात पडत नाही.

१९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

गिरमिटाचा ठराव

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळ मोठे झाले आणि सभासदांना ठराव मांडण्याचा आणि उपप्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. मध्यवर्ती मंडळात सरकारी बहुमत कायम होते. गोखल्यांनी नवा हक्क हाती येताच वापरला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला की दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत गिरमिटावर मजूर पाठवणे बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. नाताळचे उसाचे मळे आणि कोळशाच्या खाणी आपल्या मजुरांवर चालत होत्या. पण गिरमिट संपवून तिथेच राहू इच्छिणाऱ्यांवर वर्षाला तीन पौंडांचा कर लादला होता. बायकांनाही तो माफ नव्हता. सरकारने हा ठराव स्वीकारला, आणि १ जुलै १९११ पासून नाताळला मजूर पाठवणे बंद झाले.

गोखले एवढ्यावर थांबले नाहीत. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिट पद्धतच सगळीकडे बंद करावी असा ठराव आणला.

गिरमिट म्हणजे ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे आपल्या लोकांनी केलेले रूप, हे आपल्याला माहीत आहेच. गोखल्यांनी ती पद्धत सभागृहापुढे एकेक कलम करून ठेवली. मजुराला दूरच्या अनोळखी देशात नेतात. पाच वर्षे त्याला ज्याच्याकडे काम करायचे तो मालक त्याने निवडलेला नसतो. मजुरी आधीच ठरवून टाकलेली असते. परवानगीशिवाय त्याला मळ्याबाहेर जाता येत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, काम चुकले तर तो साध्या कराराचा भंग न मानता फौजदारी गुन्हा धरतात आणि मजुराला तुरुंगात टाकतात. अंगठा घेताना ही तुरुंगाची गोष्ट त्याला कोणी सांगतही नाही. शंभर पुरुषांमागे फक्त चाळीस बायका पाठवण्याचा नियम होता. त्यातून होणारी कुटुंबांची दुर्दशा आणि वसाहतींतल्या आत्महत्यांचे प्रमाण त्यांनी सरकारी अहवालांतूनच दाखवले.

हे वाचताना आपल्या बेटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इथे १८३४ पासून गिरमिटिये येऊ लागले आणि एकंदर साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर उतरली. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही ‘दुहेरी कपात’ इथेच चालत असे. १८६७ च्या कायद्यानंतर गिरमिट संपलेल्या माणसालासुद्धा फोटो लावलेला पास खिशात ठेवावा लागे. मोका येथे महात्मा गांधी संस्थेत या लोकांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. माझ्या पणजोबांची नोंद मी तिथे पाहिली आहे. एक नंबर, जहाजाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, आणि जिल्हा : रत्नागिरी. त्या एका ओळीत त्यांचे सगळे आयुष्य मावले होते. त्याच जिल्ह्यात जन्मलेला एक माणूस कलकत्त्याच्या सभागृहात उभा राहून या नंबरांचा हिशेब मागत होता, हे वाचले तेव्हा माझा ऊर भरून आला.

कोणी म्हणेल की मॉरिशसला गिरमिटावर माणसे आणणे १९१० सालीच बंद झाले होते, तेव्हा या ठरावाने आपल्या पूर्वजांना प्रत्यक्ष काय मिळाले? हे खरे आहे. त्या ठरावामुळे आपल्या कोणाच्या पणजोबांची सुटका झाली नाही. पण तोपर्यंत सरकारचे म्हणणे असे की मजूर आपल्या खुशीने जातात, चार पैसे कमावतात, मग तक्रार कसली? गोखल्यांनी भर सभागृहात दाखवून दिले की ही गुलामगिरीचीच बहीण आहे. त्यात आपल्या लोकांचा जो अपमान झाला होता, त्याची नोंद सरकारी दप्तरात झाली, आणि ती एका जबाबदार माणसाने साधार केली.

मतदान झाले. ठरावाच्या बाजूने २२ मते पडली आणि विरुद्ध ३३. ती बावीस मते निवडून आलेल्या आणि बिनसरकारी हिंदी सभासदांची होती. ठराव पडला. गोखल्यांनी आधीच सांगून टाकले होते की हा ठराव मंजूर होईपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहील.

आणखी एक पराभव

त्याच महिन्यात त्यांचा दुसरा मोठा पराभव झाला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. त्या वेळी हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होते. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात शिक्षण सक्तीचे केले होते. मराठी राजाला जे जमते ते इंग्रज सरकारला का जमू नये, असा साधा प्रश्न होता. विधेयक तर फारच सौम्य होते. जिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला इच्छा असेल, तिथेच सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करायची, आणि तीही सरकारच्या परवानगीने. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलायचा.

गोखल्यांनी गावोगावच्या संस्थांची मते मागवली, विरोधकांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिले. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. विधेयक निवड समितीकडे पाठवावे एवढीच मागणी होती. तीही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. विरोधात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर काही हिंदी जमीनदारही होते. हरणार हे गोखल्यांना ठाऊक होते. तरी त्यांच्या भाषणात कडवटपणा नव्हता.

दक्षिण आफ्रिका आणि अखेर

१९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. गांधीजी दौऱ्यात सतत त्यांच्याबरोबर होते आणि त्यांची सेवा करत होते. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. तीन पौंडांचा कर रद्द होईल असे तिथल्या मंत्र्यांच्या बोलण्यावरून गोखल्यांना वाटले. पुढे सरकारने हात वर केले आणि १९१३ साली गांधीजींचा मोठा लढा झाला. हजारो गिरमिटिये संपावर गेले, बायका तुरुंगात गेल्या. आजारी असतानाही गोखल्यांनी हिंदुस्थानातून पैसा गोळा करून पाठवला. १९१४ साली तो कर रद्द झाला.

याच सुमारास सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचे ते सभासद होते. साक्षीदारांना प्रश्न विचारणे, अहवाल वाचणे, हे काम मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने ते करत राहिले. १९१४ साली सरकारने ‘सर’ ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले आणि आयुष्यभराचा विरोध बाजूला ठेवून त्यांनी स्मशानात गोखल्यांना आदरांजली वाहिली.

गोखले गेले, पण त्यांचा ठराव राहिला. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा मांडला आणि या वेळी सरकारने मान्य केला. मार्च १९१७ मध्ये गिरमिटावर माणसे पाठवणे थांबले. पुढे उरलेली गिरमिटेही रद्द झाली. शिक्षणाच्या बाबतीत जास्त वाट पाहावी लागली. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांपुरता कायदा झाला, आणि भारतात मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्याने लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे गोखल्यांच्या पराभवानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी!

आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपण तिथे जातो, पूर्वजांना नमस्कार करतो. १९०१ साली गांधीजी या बेटावर आले होते ते आपण अभिमानाने सांगतो, मणिलाल डॉक्टरांचे उपकार स्मरतो. त्यांच्या जोडीला गोखल्यांचेही नाव घ्यावे एवढी माझी विनंती आहे. रत्नागिरीचे म्हणून नव्हे, तर आपल्या माणसांची बाजू त्यांनी अभ्यास करून मांडली म्हणून.

आणि आपल्या तरुण मंडळींना एक सांगावेसे वाटते. सभेत आपले मत कोणी ऐकत नाही, मतदानात आपण हरतो, मग जायचे कशाला, असे तुमच्यापैकी काही जण म्हणतात. तुम्ही जरूर या. मंडळाच्या वार्षिक सभेलाही या. पण येताना जमाखर्चाचा कागद वाचून या, आणि प्रश्न विचारायचा तो आकडा हातात धरून, सभ्य शब्दांत विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. खजिनदारांना थोडा त्रास होईल, पण विद्येची देवता असलेल्या गणरायाला ही सेवाही आवडेल याची मला खात्री आहे.

गणपती बाप्पा मोरया!